डबल बेल

कंडक्टरबाईने बेलच्या दोरीला हात लावला नाही. इंजिन सुरू, गाडी गच्च भरलेली. डबल बेल झाल्याशिवाय गाडी हलत नाही, हा नियम. ड्रायव्हरने तिसऱ्यांदा हॉर्न दाबला.

"हे ड्रायव्हर ही गाडी नेणार नाहीत," तिने प्रवाशांना सांगितलं. "दुसरा ड्रायव्हर मागवलाय."

सगळ्या गाडीने तिला फैलावर घेतलं. कुणाची कोर्टाची तारीख होती, कुणाचं दवाखान्यात माणूस होतं. एका जाड्या गृहस्थाने तर, आता बाईच चालवणार का, असंही विचारून घेतलं. तीही पेटली. ड्रायव्हरच्या कमरेतली चकती सरकलीय, उजव्या पायातला जोर गेलाय, असं तिने मोठ्याने सांगितलं. काल उतारावर ब्रेक उशिरा लागला. पुढच्या ट्रकला धडकायला वीतभर उरलं होतं. डॉक्टरांनी विश्रांती लिहून दिलेला कागद याने सीटखाली दडवलाय.

केबिनमधून ड्रायव्हर गरजला. कंबर कुणाची दुखत नाही? सव्वीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही त्याच्या हातून. पाय गेला असं एकदा कागदावर आलं, की डेपोच्या फाटकावर राखणीला स्टूल देतात. त्या स्टुलावर बसलेले तिघे त्याने पाहिले होते. त्यांना येणारेजाणारे नुसती मान हलवत.

तो दार ढकलून खाली उतरला. भर दुपार होती. डांबर तापून मऊ झालेलं, वर खडी विखुरलेली. गाडीच्या अंगाला हात टेकवत तो पुढून मागेपर्यंत तरातरा आला. खिडक्यांतून माना बाहेर आल्या.

"चालतोय की चांगला," जाडा गृहस्थ म्हणाला. "उगाच माणसाच्या पोटावर पाय."

दांडी धरून ड्रायव्हर मागच्या दाराने वर चढला. तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"माझ्याच हाताखाली शिकलीस आणि माझ्याच मुळावर उठलीस? बघ, उभा आहे ना तुझ्यासमोर? काय झालंय पायाला?"

तिने त्याच्या पायांकडे पाहिलं.

"दादा," ती हळू म्हणाली, "उजवी चप्पल कुठे आहे?"

ड्रायव्हरने खाली पाहिलं. तापल्या डांबरावरून आलेला उजवा पाय अनवाणी होता. पाहिलं, तेव्हाच त्याला कळलं.