काकदृष्टी

कुठलीही फाइल हव्या त्या प्रकारात बदलून देणारा तिचा प्रोग्रॅम सगळ्यांना फुकट होता, कोडसकट खुला. आज त्याची मोठी नवी आवृत्ती निघाली. आता तो स्कॅन केलेल्या जुन्या कागदांवरचे वेडेवाकडे तक्तेसुद्धा बिनचूक उतरवून काढत होता. यातलं निम्मं श्रेय 'काकदृष्टी' असं टोपणनाव घेतलेल्या कुणा अनोळखी माणसाचं. एकेक चूक हुडकून त्याने दोनशे बारा तक्रारी धाडल्या होत्या आणि वर्षभर तिला नुसतं भंडावून सोडलं होतं.

बाबांना मात्र ही बातमी सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. असलेच तक्ते ऑफिसात बसून टाइप करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि आता त्यांचं टेबल उठणार, नोकरी जाणार हे उघड होतं.

बाबांचं नंतर बघू, असं म्हणत तिने आधी 'काकदृष्टी'ला मेसेज टाकला, "तुमच्यामुळेच जमलं हे. भेट म्हणून काय पाठवू?"

पलीकडच्या खोलीत फोन टिंग करून वाजला.

"चहा टाक!" बाबा तिथूनच ओरडले. "आणि एकशे चाळिसावी तक्रार अजून तशीच आहे. माझं टेबल उठायच्या आत तेवढी निस्तर!"