धुराचं वावडं

धाकटीच्या लग्नात अट मुलीच्या बापाने घातली, आणि तीही एकच. सासरी गॅस नको. छतावर सोलर, ओट्यावर इंडक्शन, खर्च सगळा त्याचा.

"व्याहीबुवा, मुलगी देताय की पृथ्वी वाचवताय?" मुलाच्या वडिलांनी चिमटा काढला.

"धुराचं वावडं आहे हो मला," बाप हसत म्हणाला.

"फुकटात होतंय तर होऊ द्या की," विहीणबाई आतून म्हणाल्या.

इंडक्शनवर दूध उकळून दाखवल्यावर त्याने सिलिंडर स्वतः उचलून रिक्षात ठेवला. मग परत आत आला आणि ओट्यावरची काडेपेटीही खिशात घातली.



थोरली चहा करताना पेटली, असं तिच्या सासरचे अजून सांगतात. शेगडीवर भांडंच नव्हतं.