पान एकशेबारा

'महिन्याभरात ब्लॉगवर लाख वाचक' या पुस्तकाची पानं छापखान्यात कम्प्युटरवर मी लावली. लेखकमहाशयांचा तोरा असा, की मी तोंड उघडलं रे उघडलं की म्हणायचे, "बाई, तुम्ही पानं लावा. अक्कल नका पाजळू."

पान एकशेबारावर त्यांनी स्वतःच्याच ब्लॉगचा स्क्रीनशॉट दिला होता. त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दिसत होतं, 'एकूण वाचक : ४'. मी ते दाखवायला गेले, तर अंगावरच आले. "चित्रांना हात लावायचा नाही! चित्रात दिसतंय तेच लोकांना आपापल्या कम्प्युटरवर दिसलं पाहिजे!"

म्हटलं, छाप मेल्या. होऊ दे तुझी शोभा.

शोभा कसली, कप्पाळ! पाच आवृत्त्या खपल्या, तरी एकाही गिऱ्हाइकानं हूं की चूं केलं नाही. घेतात, कपाटात ठेवतात, कोण जातंय एकशेबारापर्यंत! स्वारी मात्र हार घालून घेत गावोगाव शिबिरं घेतेय.

शेवटी माझंच डोकं सटकलं. त्याच पुस्तकात बघून बघून मी ब्लॉग काढला, त्या पानाचा फोटो टाकला आणि त्याची पार सालटी काढली. गेले सहा महिने दर रविवारी न चुकता काढतेय.



आज सहज बघितलं, तर मेल्याच्या चित्रात होतं अगदी तेच माझ्या कम्प्युटरवर : 'एकूण वाचक : ४'.