बॅटरी निघणारा फोन

टेबलावरचा जुना फोन थरथरला. हेमंतनं नाव वाचलं. आई.

त्यानं फोन उलटा केला आणि अंगठ्याचं नख खाचेत घातलं. झाकण निघालं, मग बॅटरी. टक्.

"परत आई?" शेजारच्या टेबलावरून गोकुळनं विचारलं. तोही क्लार्कच.

"रोजचंच रे. मोतीबिंदू, मोतीबिंदू. जव्हारला शिबिर आहे, सोबत चल. मी काय इथं रिकामा बसलोय?"

"मग बंद करून ठेव ना फोन."

"इथंच तुम्ही लोक चुकता." हेमंत खुर्ची सरकवून बसला. "बंद केला तर फोनमधली ती बाई सांगते, स्विच ऑफ. म्हणजे मुद्दाम केला. नुसता वाजू दिला तर उचलत नाही म्हणून गावभर बोंब. पण चालू फोनची बॅटरी ओढून काढ. त्यांनी परत नंबर लावला की बाई म्हणते, कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. झालं! शिव्या टॉवरला. तुझ्या त्या चिकटवलेल्या बॅटरीच्या महागड्या फोनला जमेल हे?"

गोकुळनं मान हलवली. चांगला स्मार्टफोन खिशात असूनही गाववाल्यांसाठी हेमंतनं हा डबडा फोन का ठेवलाय, ते त्याला आज कळलं.

दिवाळीत आई, हिराबाई, चार दिवस जव्हारला आली होती. तिला धड दिसत नव्हतं, तेव्हा गावातल्या कुणाचा फोन आला की हेमंत तिच्यासमोरच बसून बॅटरी काढायचा.

"काय रे वाजलं टक् करून?" तिनं एकदा विचारलं होतं.

"फोन तापतो गं. बॅटरी काढली की थंड होतो."

"बरं हाय की," आई म्हणाली होती.

पाचव्या दिवशी त्यानं तिला मोखाड्याच्या गाडीत बसवून दिलं. आईनं आणलेल्या गोधडीला चुलीचा वास येतो म्हणून मंजुषानं, त्याच्या बायकोनं, ती धुवायलासुद्धा घरात घेतली नाही. फेकूनच दिली.

आता त्याच मंजुषाची बाळंतपणाची रजा सोमवारी संपत होती. ती शिक्षिका, शाळा दूर. पोरगी सहा महिन्यांची. पाळणाघर जव्हारात मिळेना, आणि मंजुषाची आई गुडघे धरून बसलेली.

"तुमच्या आईंनाच आणा," मंजुषा म्हणाली. "आणि आल्या आल्या अंघोळ करायला सांगा, म्हणजे झालं."

हेमंतनं आईला गावी, पोशेऱ्याला फोन लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. संध्याकाळी, सकाळी, दुपारी, तेच. तीन दिवस तेच.

"काय दरिद्री गाव आहे!" तो गोकुळपाशी चडफडला. "अजून रेंज नाही साल्यांना."

शनिवारी तो मोटरसायकल घेऊन निघाला. पोशेऱ्यात गाडी त्यानं कुडाच्या कुंपणापाशीच लावली. अंगणात शेण, कोंबड्यांची घाण, पावलापावलाला काहीतरी पचकन. शी! कालच पॉलिश केलेल्या बुटांकडं बघत तो टाचांवर चालत दारात पोचला.

आई सूप घेऊन बसली होती, तांदळातले खडे निवडत. लांबूनच म्हणाली, "दाढी नाय केलीस आज?"

"घाईत निघालो. तुझा फोन कुठंय?"

तिनं तांदळाच्या डब्याकडं बोट केलं. डब्यात बॅटरी वेगळी, फोन वेगळा. फोन चिकट, मागचं झाकण गायब, भोवती केस अडकलेला रबर. हेमंतनं तो दोन बोटांत उचलला.

"हे काय?"

"भिजली व्हती. तांदळात सुकते म्हणं. सोमीनं सांगितलं." सोमी म्हणजे शेजारीण. "निघते म्हणून बरं, नाय तर अख्खा फोनच गेला असता."

"तीन दिवस लावतोय मी!"

"रेंज नसंल रे. जव्हारला तुझ्याकडं नसते, तर अठं पोशेऱ्यात कुठली?"

हेमंत ओशाळला, पण क्षणभरच. त्यानं बॅटरी शर्टाला पुसून बसवली, फोन चालू केला आणि मुद्द्यावर आला. पोरगी, शाळा, सोमवार. आई सगळं ऐकत होती. मध्येच एक खडा उचलून तिनं अंगणात टाकला. मागं खुंटीला मोतीबिंदू काढल्यावर देतात तसला काळा चष्मा लटकत होता.

"तुझ्या डोळ्यांचंही बघू आता जव्हारला," तो म्हणाला.

"बघू की."

"मग येशील ना? उद्या सकाळच्या गाडीनं? मी स्टँडवर येतो."

"तू फोन कर. मंग सांगते."

एवढ्या सहज जमेल असं त्याला वाटलं नव्हतं. चहा त्यानं घेतला नाही. कपाची कड बघूनच त्यानं तो बाजूला सरकवला. "फोन चालू ठेव," असं दोनदा बजावून तो उठला.

गाडीपाशी येऊन त्यानं काडीनं बूट खरवडले. सगळी घाण निघाली तेव्हा आठवलं, नवीन गोधडी आणायला सांगायचं राहिलं. परत चुलीच्या वासाची आणली तर मंजुषा तिला दारातच उभी करेल. पण परत त्या राडीतून कोण जाणार? त्यानं खिशातून आपला जुना फोन काढला. रेंजच्या दांड्या सगळ्या भरलेल्या होत्या.

त्यानं नंबर लावला. घरात बेल वाजली. एकदा, दोनदा. उघड्या दारातून आई दिसत होती. तिनं सूप खाली ठेवलं, फोन डोळ्यांसमोर धरला, चष्म्याशिवाय त्यावरचं नाव वाचलं आणि फोन उलटा केला.

टक्.

बेल थांबली. हेमंतनं परत नंबर लावला.

"आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती," बाई नम्रपणे सांगू लागली, "सध्या कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे."