किमान पाच वर्षं

"आवाज वाढव जरा," म्हणत प्लंबर खुर्चीतून उठायलाच लागला. एका गालाची दाढी झाली होती, दुसऱ्यावर फेस होता.

"काका, हलू नका. गळा कापला गेला तर मी फुकट आत जाईन," न्हावी म्हणाला.

टीव्हीवर शेजारच्या देशाच्या संसदेतलं मतदान दाखवत होते. सीमेचं कुंपण कापणाऱ्याला, पहाऱ्यात अडथळा आणणाऱ्याला किमान पाच वर्षं तुरुंग, आणि मंजूर होताच कायदा लागू, असं ते विधेयक. प्लंबरने त्याचा ध्यासच घेतला होता. जाईल तिथे तो कलमं समजावत बसे. लोक इतके वैतागले होते, की नळ गळत असला तरी त्याला बोलवायला धजत नसत.

"कुंपण कापणाऱ्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?" न्हाव्याने विचारलं.

"अरे, आत्ता पकडलं की काय करतात? चहा पाजतात, समज देतात आणि संध्याकाळी परत पाठवतात. ही काय शिक्षा झाली? सरळ आत टाकलं पाहिजे."

तेवढ्यात मुलीचा फोन आला. ती तुरुंगाच्या दवाखान्यात नर्स होती.

"बाबा, बघताय ना? आमच्याकडे नवी बराकसुद्धा बांधून झाली. हे मंजूर झालं की माझं काही खरं नाही. नवा कैदी आला की आधी माझ्यापुढेच उभा करतात."

"जेवतेस ना वेळेवर?"

"जेवते हो. तुम्ही तब्येतीला जपा."

त्याने फोन खिशात ठेवला. सहा वर्षांत भेट नव्हती. तिला येता येत नव्हतं. हा दोनदा गेला, पण तिचं तोंडही न बघता परतला. एकुलती एक पोर, तिला डोळे भरून बघायचं, याखेरीज त्याला आता काही नको होतं.

टीव्हीवर बाकं वाजायला लागली. विधेयक मंजूर झालं होतं.

प्लंबरने गळ्यातलं फडकं भिरकावलं, न्हाव्याला कडकडून मिठी मारली आणि त्याच्या शर्टाला फेस फासून ठेवला.

"अहो, उरलेली दाढी?"

"तिकडे करतील," असं म्हणून हत्यारांची पिशवी खांद्याला मारून तो निघालासुद्धा. घरी न जाता त्याने थेट सीमेकडची बस धरली. वाटेत शेजारच्या प्रवाशालाही त्याने सगळी कलमं ऐकवली.

पहाऱ्याच्या चौकीसमोर, कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात, तो थांबला. पिशवीतून मोठी कातरी काढून त्याने कुंपणाच्या तारा कापल्या.

पलीकडून जवान धावत आला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला.

"काका, पुन्हा तुम्ही? अहो, आता नुसता चहा पाजून परत पाठवता यायचं नाही."

"म्हणून तर आलो," प्लंबर म्हणाला आणि त्याने दोन्ही हात बेडीसाठी जुळवून भोकातून पलीकडे, लेकीच्या देशात, पुढे केले.