आठव्या दिवसाआधी
नवजात बाळांची कावीळ तिसऱ्या दिवशीच ओळखणारं यंत्र दवाखान्यांत ठेवायचं, म्हणून कुमासी शहरातल्या आमच्या विद्यापीठाने एका परदेशी विद्यापीठासोबत निधी मागितला होता. मुलाखत लॅपटॉपवर चालू होती. मी घरूनच बोलत होते, मांडीवर पाच दिवसांची लेक. “सगळ्या आया बाळांना तिसऱ्या दिवशी आणतील?” निधीवाल्या बाईंनी विचारलं. “शंभर टक्के!” आमचे प्रोफेसर डंक्वा म्हणाले. दारातून सासूबाई माझ्याकडे बघत पुटपुटल्या, “कोण आणतंय, डॉक्टरीणबाई? आठव्या दिवशी नाव ठेवेपर्यंत लेकरू उंबरा ओलांडत नाही.” पडद्यावरच्या बाई माझ्याकडे वळल्या. “तुमच्या बाळाला तपासलंत ना?” यंत्र प्रयोगशाळेत, लेक घरात. प्रोफेसर पडद्यावरून डोळ्यांनी ‘हो’ म्हणायला सांगत होते. खरं सांगितलं तर निधी जाणार होता. मी लेकीला उजेडात धरलं. डोळे पिवळसर दिसले. “नाही,” मी म्हणाले. “यंत्र घरोघरी न्यावं लागेल. आधी इथे.”