चौऱ्याऐंशी ठोके

"स्वल्प थांबा अक्का," गंगव्वा सिस्टर म्हणाली. "यांना आत्ता दुखायलंय."

हेमलता थांबली. नवरा आपला, त्याचं मनगट त्या बाईच्या हातात, आणि आपण पदर सावरत बाजूला उभं राहायचं!

नंदकिशोरला कारखान्यात पायाला पत्रा लागला आणि धनुर्वात झाला. झटके थांबावेत म्हणून डॉक्टरांनी औषधानं त्याचं सगळं अंग लुळं करून ठेवलं होतं. श्वास यंत्र देत होतं. पापणीसुद्धा हलत नव्हती.

"दुखतंय हे तुम्हाला कसं कळतं?" हेमलतानं विचारलं.

"अंग तेवढं लुळं पडलंय, माणूस आत जागा हाय. तोंड बंद झालं की नाडीच सांगते."

गंगव्वानं त्याला इंजेक्शन दिलं, कपाळावरचा घाम पुसला आणि पुन्हा मनगट धरून बसली. वैद्यालाही नाडी बघायला एवढा वेळ लागत नाही! मग "सरी, ठीक हाय, आता बरं वाटायलंय," म्हणून हसली. त्याच्याकडे बघून.

हेमलताच्या पोटात दुखू लागलं. बारा वर्षांच्या संसारात नंदकिशोरनं साधं डोकं दुखल्याचं कधी तिला सांगितलं नव्हतं. आणि ही कोण कुठली निपाणीची, हिला न बोलता सगळं कळतं!

दिवसाआड रत्नाबाई सिस्टरची पाळी असे. रत्नाबाई मर्यादेची बाई. परपुरुषाला उगीच हात लावणं नाही की लाडिक बोलणं नाही. खाटेपासून चार हात दूर खुर्ची टाकून बसे आणि हेमलताला खुशाल जवळ बसू देई.

खाटेच्या पायाशी नाडीचा तक्ता लटकत असे. हेमलता तो वाचायला शिकली. गंगव्वाच्या पाळीत आकडे उड्या मारत. एकशे दहा, एकशे सव्वीस, पुन्हा शंभर. रत्नाबाईच्या पाळीत मात्र दर दोन तासांनी चौऱ्याऐंशी.

म्हणजे ती जवळ आली की ह्यांचं काळीज धडधडतं! त्या दिवशी हेमलताला जेवण गेलं नाही.

सोमवारी ती मेट्रनकडे गेली. "ती सिस्टर असली की ह्यांना त्रास होतो. तक्ताच बघा ना."

मेट्रननं तक्ता बघितला. आकडे समोरच होते. गंगव्वाची बदली बाळंतिणींच्या वॉर्डात झाली.

जाताना ती एवढंच म्हणाली, "अक्का, यांची नाडी बघत जावा. तेवढं विसरू नका."

"माझा नवरा आहे. माझं मी बघेन," हेमलता म्हणाली.

पुढचे दिवस सुखाचे गेले. दिवसपाळीला आता रोज रत्नाबाईच होती. तक्त्यावर चौऱ्याऐंशीच्या खाली चौऱ्याऐंशी, आणि इंजेक्शनची गरजच नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं हेमलतानं बसवनगुडीतल्या शेजारणीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

शुक्रवारी चार वाजता ती आली तेव्हा रत्नाबाई चहाला गेली होती. खोलीत दोघंच. त्या गंगव्वाला जमतं ते मला का जमू नये, असं हेमलताच्या मनात आलं. बासष्ट साली नंदकिशोरनं दिलेलं घड्याळ तिनं हातातून काढून समोर ठेवलं. त्याच्या मनगटावर बोटं टेकवली आणि मिनिटभर मोजलं.

एकशे अडतीस.

आपलंच काही चुकलं असेल म्हणून तिनं पुन्हा मोजलं. एकशे चाळीस. त्याच्या डोक्याखालची उशी घामानं भिजली होती.

तिनं घाईघाईनं तक्ता ओढला. आजच्या रकान्यात दुपारी चार वाजता चौऱ्याऐंशी. संध्याकाळी सहा वाजता चौऱ्याऐंशी. आठ वाजता चौऱ्याऐंशी.

तिनं घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून पाच मिनिटं झाली होती.